जोसेफची जीभ

क्लबच्या सेक्रेटरीने मला फसवलं. हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढचं वाचताना कुणालाही वाटेल की फसवणारा जोसेफ होता. जोसेफ माझ्याशी खोटं बोलला, हे खरं. पण तो बोलला का आणि कुणाच्या जिवावर बोलला, ते मला नंतर कळलं.

बंगळूरच्या कँटोनमेंटमधल्या एका क्लबचं किचन तेव्हा माझ्याकडे कॉन्ट्रॅक्टवर होतं. मेंबर म्हणजे रिटायर्ड फौजी, कॉफीचे मळेवाले आणि थोडे डॉक्टर-वकील. मी एका मेसमध्ये भांडी घासत वर आलो. बटाटे सोलले, रोस्ट शिकलो, सूप शिकलो आणि शेवटी साहेब लोकांशी भाव करायला शिकलो. त्या शेवटच्या विद्येवर कॉन्ट्रॅक्ट मिळालं. मागच्या वेळी सेक्रेटरीशी भांडून मी एक अट घालून घेतली होती. बेअरर लोकांच्या हातून फुटलेल्या कपबश्यांचा खर्च क्लबने सोसायचा. ही अट त्याला शेवटपर्यंत पचली नाही.

आता जोसेफचं काम सांगतो. आम्ही बंगळूरचे पिढ्यान्‌पिढ्यांचे मराठे. घरात मटण चालतं, बीफ चालत नाही. पण क्लबात बीफशिवाय पान हलत नसे. तेव्हा मी ते शिजवायचो, तोंडात घालायचो नाही. घरी गेल्यावर आधी न्हाणीघर, मग स्वयंपाकघर, हा बायकोचा नियम होता. मग मीठ-मसाला कळणार कसा? त्यासाठी जोसेफ. तो ख्रिस्ती, माझ्याहून दोन-चार वर्षांनी लहान, हाताने साधारण कुक, पण जीभ अशी की रस्सा चाखून लवंग जुनी आहे हे सांगायचा. आमच्या धंद्यात माझ्यासारखे बरेच होते आणि प्रत्येकाचा एक जोसेफ असायचा. मी रांधायचो, तो चाखायचा. "सरी अण्णा", म्हणजे ठीक आहे, असं म्हणाला की भांडं उतरायचं.

त्या वर्षी जोसेफ हलसूरच्या तळ्याजवळ सायकलवरून पडला. डोक्याला मागून मार लागला. क्लबचे मेंबर असलेल्या एका डॉक्टरांनी त्याच्यावर उपचार केले. तो बरा होऊन कामावर आला. मला काही वेगळं दिसलं नाही. दिसणार कसं? रोस्ट, कटलेट, स्ट्यू हे माझ्या हातात बसलेले होते. डोळे बांधून केले तरी मीठ तितकंच पडायचं. तो फक्त मान डोलवायचा.

मग कर्नल आले. कोरियाची लढाई थांबल्यावर तिथल्या युद्धकैद्यांची देखरेख करायला आपले जवान गेले होते, त्यांच्याबरोबर हे गेले होते. आता ते क्लबच्या कमिटीचे नवे अध्यक्ष झाले होते. माझं कॉन्ट्रॅक्ट पुढे चालवायचं की नाही, हे ठरवणारे तेच. सेक्रेटरीने मला ऑफिसात बोलावलं.

"राव, संडे लंचला कर्नलसाहेबांना सरप्राइज द्यायचंय. कोरियन डिश. मॅरोमध्ये बीफ भरून."

"मी कधी केलेली नाही, साहेब."

"म्हणून तर तुला सांगतोय. भांडताना म्हणतोस ना, माझ्यासारखा कुक मिळणार नाही?"

कर्नलच्या मेमसाहेबांकडून मी कृती विचारून घेतली. मॅरो म्हणजे हल्ली भाजीवाले ज्याला झुकिनी म्हणतात तीच, काकडीसारखी दिसणारी भोपळ्याच्या जातीची भाजी. तिचे बोटभर उंचीचे तुकडे करायचे. वरून फुलीसारखी चीर द्यायची, पण बूड शाबूत ठेवायचं. मग मिठाच्या पाण्यात टाकायचे, म्हणजे ते लवचिक होतात आणि भरताना फाटत नाहीत. नंतर धुऊन, दाबून पाणी काढायचं. बीफचा बारीक खिमा, त्यात सोया सॉस, लसूण, पातीचा कांदा, थोडी साखर, भाजून कुटलेले तीळ, मिरी आणि किसलेली नाशपाती. नाशपातीने मांस मऊ पडतं. हे चिरांमध्ये भरायचं आणि थोड्या रश्शात झाकण ठेवून मंद आचेवर शिजवायचं.

बाजारात मॅरो मिळत होती, पण मांडीएवढी. आत नुसत्या बिया. मी आगगाडीने व्हाइटफील्डला गेलो. तिथे अँग्लो-इंडियन लोकांचे बंगले आणि बागा होत्या. एक म्हातारी मेम प्रदर्शनासाठी मॅरो वाढवायची.

"एवढ्याशा?" ती ओरडली. "ही बाळं आहेत! आणखी महिन्याने बघ, कशा होतात!"

"मला बाळंच पाहिजेत, मॅडम."

"तू खाटीक आहेस का?"

"कुक आहे. मोठीला जो भाव, तोच लहानीला देतो."

तिने मनात हिशेब केला. मग म्हणाली, "आणि पुढच्या ख्रिसमसला एक केक." मी अर्ध्या केकवर सौदा पटवला. कात्री मात्र तिने माझ्या हातात दिली. स्वतः कापवेना.

सोया सॉस एका चिनी चांभाराच्या घरून आणला. त्याच्या बायकोने बाटलीत ओतून दिला आणि बजावलं, हा खारट आहे, जपून. मी जपूनच घातला. रविवारी सकाळी मॅरोचे तुकडे धुऊन मी स्वतः चावून पाहिले. त्यात मीठ बेताचं होतं. तोपर्यंतचं सगळं माझ्या जिभेच्या हद्दीतलं होतं.

खिमा कालवला. त्यातला सुपारीएवढा गोळा तव्यावर परतून जोसेफला दिला. त्याने चावला. माझ्याकडे बघत राहिला.

"काय?"

"कमी आहे, अण्णा."

"सोया आहे त्यात. नीट बघ."

"स्वल्प मीठ पाहिजे."

मी घातलं. पुन्हा गोळा परतला. तो पुन्हा चावत माझ्या तोंडाकडे बघत राहिला.

"अजून स्वल्प."

"अरे, खरंच?"

"तुम्ही नव्या पदार्थाला नेहमी हात आखडता घेता, अण्णा."

हे खरं होतं. नवा पदार्थ असला की मी घाबरून मीठ कमी घालतो. मी आणखी घातलं. तिसऱ्या गोळ्याला तो म्हणाला, "सरी."

लंचला कर्नलच्या टेबलावर पहिली डिश गेली. मी दाराच्या फटीतून बघत होतो. झाकण काढल्यावर कर्नलचा चेहरा असा उजळला की मला वाटलं, कॉन्ट्रॅक्ट खिशात आलं. त्यांनी एक तुकडा कापला, तोंडात घातला. मग काटा ठेवला आणि ग्लासभर पाणी प्यायले. बाकीच्यांनी चाखून नॅपकिन तोंडाला लावले. प्लेटा परत येऊ लागल्या. भरलेल्या मॅरो जशाच्या तशा, प्रत्येकीचा एकच कोपरा गेलेला.

कर्नल किचनच्या दारात आले. आवाज चढवला नाही.

"राव, तू हे चाखलं होतंस?"

"नाही साहेब. मी हे खात नाही."

"मग कशाच्या भरवशावर मला वाढलंस?"

मी जोसेफकडे बोट केलं. जोसेफ खाली बघत होता. कर्नल म्हणाले, "किचन तुझं आहे की त्याचं?" आणि गेले. मागे सेक्रेटरी उभा होता. त्याच्या चेहऱ्यावर आश्चर्य नव्हतं. हे तेव्हा ध्यानात आलं नाही, नंतर आलं.

मी जोसेफची कॉलर धरली आणि त्याला मागच्या लाकडांच्या खोपटाकडे ओढत नेलं.

"कुणी पैसे दिले तुला? बोल!"

"कुणी नाही, अण्णा. मला काही लागतच नाही. पडल्यापासून ना वास, ना चव. मीठ नाही, साखर नाही, काही नाही."

"मग कमी आहे कशावरून सांगितलंस?"

"तुमचं तोंड बघून. इतके महिने तसंच सांगतोय. तुम्ही खुश दिसलात की सरी म्हणतो. आज तुम्हीच घाबरलेले दिसलात."

माझा हात उठला होता तो तसाच राहिला. "मला का नाही सांगितलंस?"

"तुम्ही काढलं असतं."

"काढलंच असतं! चाखणाऱ्याला जीभ नाही, तर ठेवू कशाला?"

"तेच सेक्रेटरीसाहेब म्हणाले. म्हणाले, रावला बोलू नकोस, मी सांभाळून घेतो."

"सेक्रेटरीला ठाऊक होतं?"

मग त्याने सगळं सांगितलं. डॉक्टरने सेक्रेटरीला सांगितलं होतं. सेक्रेटरीने बारमध्ये मेंबरांना सांगितलं. तिथे तो खेळच झाला होता. संध्याकाळी जोसेफला बोलवायचे, कधी कडू औषध सरबत म्हणून द्यायचे, कधी व्हिनेगर. तो तोंड वाकडं न करता गटागटा प्यायचा आणि साहेब लोक टाळ्या वाजवायचे. ग्लास बहुतेक वेळा सेक्रेटरी स्वतः भरायचा. बार आणि माझं किचन यांच्यामध्ये एक व्हरांडा. टाळ्या मला ऐकू यायच्या. मला वाटायचं, पत्त्यांचा डाव रंगलाय.

जोसेफला मी त्याच दिवशी काढलं. पुढे तो एका चर्चच्या आवारात वॉचमन झाला, असं ऐकलं. भेटायला मी गेलो नाही.

दुसऱ्या सकाळी मी सेक्रेटरीच्या ऑफिसात शिरलो.

"साहेब, जोसेफची जीभ गेल्याचं तुम्हाला ठाऊक होतं."

"ती त्याची खाजगी बाब होती, राव. डॉक्टरांनी विश्वासाने सांगितलेली."

"खाजगी बाब बारमध्ये कशी गेली?"

तो फाइल चाळत राहिला.

"आणि हे ठाऊक असताना, जो पदार्थ मी जन्मात केला नाही तोच मला का करायला सांगितलात?"

"दॅट विल बी ऑल, राव."

कॉन्ट्रॅक्ट एका हॉटेलवाल्याला गेलं. फुटलेल्या कपबश्यांचा खर्च त्याने स्वतःवर घेतला. माझ्या हाताखालची माणसं पांगली. मी पुढे के. आर. पुरमला रेल्वेच्या लोकांसाठी खानावळ काढली. पोट चालतं. पण कँटोनमेंटमध्ये अजून कुणी विचारलं तर लोक म्हणतात, राव म्हणजे ना तो, ज्याने कर्नलला खारट खायला घातलं.

या धंद्यात येणाऱ्यांना एवढंच सांगतो. दुसऱ्याच्या जिभेवर काम करायचं असेल तर रोज सकाळी त्याला दोन कप पाणी द्या, एकात मीठ, एकात साखर. कोणतं काय ते त्याने सांगितलं की मग चूल पेटवा. नंतरच्या माणसाला मी रोज देत आलो. तो चिडतो. चिडू दे.

सेक्रेटरीसाहेब अजून आहेत आणि संध्याकाळी त्याच बारमध्ये बसतात. हे त्यांच्यापर्यंत कुणीतरी पोचवेलच. साहेब, सगळ्या क्लबाला जी गोष्ट सांगून हसवलंत, ती ज्याच्या पोटापाण्याशी बांधलेली होती त्या एकट्यापासून का लपवलीत? मला पैसे नकोत, कॉन्ट्रॅक्ट नको. त्याच बारमध्ये, त्याच मेंबरांसमोर उभे राहा आणि याचं उत्तर द्या.