हनोईचं कासव आणि साळूबाईची पायरी

माझ्या सासूबाई दहावीला दुसऱ्यांदा नापास झाल्या तेव्हा मी तोंडदेखलं "पुढच्या वेळी नक्की" म्हटलं होतं. मनात म्हणत होते, बास करा आता. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढे जे झालं त्याचं श्रेय कुणी माझ्या पदरात टाकू नये.

सासूबाईंचं नाव छबूबाई. वय त्रेपन्न. पाथर्डी तालुक्यातल्या आमच्या गावात जिल्हा परिषदेच्या शाळेत त्या पोरांची खिचडी शिजवतात. त्याच शाळेत त्या सातवीपर्यंत शिकल्या, आणि लग्नही गावातल्या गावात झालं, त्यामुळे शाळा काही त्यांना सुटली नाही. लहानपणी त्यांचा बाप शेळ्यांमागे पोरगी पाहिजे म्हणून त्यांना वर्गातून दंडाला धरून ओढून न्यायचा. मग त्यांच्या आईने, साळूबाईने, एक उपाय काढला. ती दिवस उजाडायच्या आत स्वतः शेळ्या चारून आणायची आणि शाळेच्या काळ्या दगडी पायरीवर येऊन बसायची. नवरा तरातरा आला की म्हणायची, "आदी मला उचला, मंग पोरीला." शाळा सुटेपर्यंत बाई हलायची नाही. स्वतःला अक्षर ओळखीचं नव्हतं.

सातवीनंतरची शाळा दुसऱ्या गावाला. तिथे पायरीवर बसायला साळूबाई कुठून जाणार? शिक्षण तिथेच थांबलं. मरताना साळूबाई लेकीला एवढंच म्हणाली, "तुझी तेवढी धाव्वी राहिली गं." ते वाक्य सासूबाईंना काट्यासारखं सलत होतं. मुलगा इंजिनिअर झाला, मी सून म्हणून आले, तरी सलतच होतं. शेवटी त्यांनी सतरा नंबरचा फॉर्म भरला आणि बाहेरून परीक्षेला बसल्या. मराठी, इतिहास सगळं निघालं. गणित राहिलं. पहिल्यांदा एकोणीस मार्क, जुलैत अठ्ठावीस.

शाळा कमिटीचे अध्यक्ष आबासाहेब म्हणजे जिभेला हाड नसलेला माणूस. शाळेच्या अंगणात सगळ्यांदेखत म्हणाले, "छबे, गनित म्हंजी काय खिचडी हाय व्हय, झाकन ठिवलं की शिजली? तू पास झालीस तर ष्टँडवर तुझा फ्लेक्स लावीन, माझ्यापरीस मोठा!" लोक हसले. सासूबाईही हसल्या आणि घरी येऊन दोन दिवस जेवल्या नाहीत.

मी नगर शहरातल्या सावेडीची, बीएस्सी झालेली. नवरा हर्षल हनोईतल्या एका कारखान्यात नोकरीला, म्हणून मीही इथेच. इथून व्हिडिओ कॉलवर मी त्यांना शिकवायचे आणि चिडायचे. शेकडेवारी म्हटलं की त्यांचा चेहरा कोरा. पण "पासष्ट पोरं, एकाला शंभर ग्रॅम तांदूळ, आठ पोरं गैरहजर" म्हटलं की माझ्याआधी उत्तर तयार! मार्चमध्ये त्यांनी तिसऱ्यांदा पेपर दिला आणि मे महिन्याच्या सुट्टीत हर्षलने त्यांना इकडे आणलं. हॉलतिकीट कमरेच्या पिशवीत ठेवूनच त्या विमानात बसल्या.

आठवडाभर मी त्यांना हनोई दाखवत होते. बायकांच्या संग्रहालयात काचेआड ठेवलेला विळा बघून म्हणाल्या, "धार गेलीया याची." जुन्या तुरुंगाचं संग्रहालय केलंय, तिथे अंधाऱ्या कोठड्यांपुढे बराच वेळ उभ्या राहिल्या. म्हणाल्या, "आपल्या नगरच्या किल्ल्यात बी असंच कोंडलं हुतं नव्हं मानसांना?" मी हो म्हटलं. सगळं बघत होत्या, पण हात सारखा कमरेच्या पिशवीकडे जात होता. निकाल त्याच आठवड्यात होता.

निकालाच्या दिवशी हर्षल कामावर होता. घरात बसून त्या माझा जीव खातील म्हणून मी त्यांना वान मिएउला घेऊन गेले. पाचशे वर्षांहून जुनं विद्येचं ठिकाण, अंगणामागून अंगणं, लाल कौलं. तिसऱ्या अंगणात ओळीने दगडी कासवं आहेत आणि प्रत्येक कासवाच्या पाठीवर उभी शिळा.

कासव दिसताच सासूबाईंनी चपला काढल्या. कठड्याबाहेरून वाकून नमस्कार केला, पिशवीतून कुंकवाची पुडी काढली. ती मी घाईघाईने परत आत कोंबली. मग त्या टाचा उंचावून कासवाच्या मागे बघायला लागल्या. बरोबरच आहे. आपल्याकडे देवळात कासव लागलं की समोर गाभारा असतोच.

"देव कुठाय गं?"

"देव नाही आई. त्या शिळांवर नावं आहेत. परीक्षेत पास झालेल्यांची."

"पास झालेल्यांची?"

"राजाच्या मोठ्या परीक्षेत. गावाच्या नावासकट कोरून ठेवलीत."

त्या एकेका शिळेपाशी थांबत चालल्या. ब्याऐंशी आहेत. अर्ध्यावर मान वळवून विचारलं, "यात बाईचं नाव कंचं?"

"एकही नाही. बायकांना परीक्षेला बसूच देत नव्हते."

त्या बाकावर बसल्या आणि हॉलतिकीट काढून माझ्या हातात दिलं. आपल्याकडे दुपारचा एक, इथे अडीच. निकाल लागला होता. खरं सांगते, एवढ्या परक्या लोकांत या बाईला तिसऱ्यांदा नापास कसं सांगायचं, याचीच मी जुळवाजुळव करत होते.

बैठक क्रमांक टाकला. त्याखाली आईचं नाव विचारतात, ते टाकल्याशिवाय निकाल उघडत नाही.

"आई, तुमच्या आईचं नाव टाकायचंय."

"साळूबाई," त्या म्हणाल्या. मग जरा मोठ्याने, "साळूबाई टाक."

मोबाईलवर चाक फिरत राहिलं, फिरत राहिलं, आणि पान उघडलं. मी आधी गणितच बघितलं. अठ्ठेचाळीस. दोनदा बघितलं. खाली लिहिलं होतं, उत्तीर्ण.

"आई, पास! अठ्ठेचाळीस!"

"परत वाच. आईच्या नावासकट वाच."

मी वाचलं. छबूबाई, आईचं नाव साळूबाई, उत्तीर्ण. त्या उठल्या, पदर खोचला, माझे दोन्ही हात धरले आणि त्या पाचशे वर्षांच्या अंगणात फुगडी घालायला लागल्या! पदवीचे फोटो काढायला आलेल्या पोरी, काळे झगे, चौकोनी टोप्या, आधी बघतच राहिल्या. मग त्यांनी टाळ्यांचा ठेका धरला. पहारेकरी पुढे आला आणि हसून मागे सरकला. मला भोवळ यायला लागली, पण ही बाई थांबेना. त्या क्षणी मला माझ्या सासूचा जो अभिमान वाटला तो मी आजवर कुणाला सांगितला नव्हता, तो आज लिहून ठेवते.

धाप कमी झाल्यावर त्या म्हणाल्या, "आबासाहेबांना लाव."

फोन लागला. ष्टँडवरचा गलका ऐकू येत होता.

"आबासाहेब, छबू बोलतीया. पास झाले."

"आं? गनितात?"

"गनितातच. अट्टेचाळीस."

मग आबासाहेब ओरडले, "मानलं छबे तुला! शब्द म्हंजी शब्द. आत्ताच फ्लेक्स टाकतो छापायला, लई मोठा!"

"फ्लेक्स नको. उनानं रंग उडतो त्याचा. हितं दगडावर नावं कोरलीत, पाश्शे वर्सं झाली तरी हायेत. शाळंची ती काळी पायरी हाय ना, तिच्यावर कोरा नाव."

"कोरतो की! काय घालू, छबूबाई...?"

"माझं न्हाई. साळूबाईचं."

आबासाहेबांचा आवाज खाली आला. त्यांनीही साळूबाईला त्या पायरीवर बसलेलं बघितलं होतं. "पन छबे, पायरीवर? तिच्या नावावर पोरी रोज पाय देतील की गं."

सासूबाईंनी समोरच्या कासवाकडे बघितलं. त्यांचे डोळे आता भरले होते.

"आत जायला देतील ना? मंग देऊ द्या."