जांभळी प्लेट

परवा नवी पेठेत दुकानदाराने गर्द जांभळी साडी उलगडली आणि मी बघतच राहिले. हाच रंग मी एकदा रुग्णालयाच्या प्रयोगशाळेत, जंतू वाढवायच्या प्लेटवर पाहिला होता.

तेव्हा मी नवशिकी होते. शेततळ्यातला गाळ काढताना पाय कापलेला सांगोल्याकडचा एक मेंढपाळ तापाने फणफणत दाखल झाला होता. त्याच्या जखमेतला पू प्लेटवर लावून ठेवला, तर सकाळी जांभळे ठिपके उगवलेले. आमचे टेक्निशियन जाधवकाका करवादले, "स्टेन कुणी सांडला गं हिच्यावर?" जंतू रंगवायचं ते औषधही जांभळंच, त्यामुळे सगळ्यांना तेच वाटलं. आमच्या विभागप्रमुख मॅडमनी मात्र मला त्यातला एक ठिपका उचलून नव्या प्लेटवर रेघा ओढायला लावल्या. दुसऱ्या दिवशी झाकण उघडलं, तर सगळ्या रेघा जांभळ्या! सांडलेला रंग असा वाढत नाही; हा जंतूच जांभळा होता. नुसता पुस्तकात वाचलेला दुर्मीळ जंतू आमच्या सोलापुरात! आम्ही लहान मुलांसारखे हसलो, अगदी जाधवकाकासुद्धा. त्या हसण्यात मेंढपाळ कुठेच नव्हता.

दारात त्याची बायको उभी होती.

"लई हसताय," ती म्हणाली, "म्हंजी बरं हाय की?"

मॅडम म्हणाल्या, "आता नेमकं औषध देता येईल."

ती तिथेच भिंतीला टेकून बसली. गावाहून आणलेल्या कडक भाकरीचं फडकं तिने तेव्हा पहिल्यांदा सोडलं.

पुढे तो बरा होऊन चालत घरी गेला. पण आमच्या हसण्यावर विसंबून तिने भाकरी मोडली, तेव्हा तो वाचेल की नाही, हे कुणालाच ठाऊक नव्हतं.