खंडेनवमीला बिनआवाजाची गाडी

विजेवरची स्कूटर घेतली त्याला आता दोन वर्षं होत आली. चांगलं केलंस की वाईट, असं कुणी विचारलं तर मी आजही तळ्यात-मळ्यातच असतो.

घेतली ती लेकीसाठी. ती तेव्हा सात वर्षांची होती आणि तिला दमा होता. अनगोळच्या आमच्या घरात वर थोरला भाऊ, म्हणजे अण्णा राहतो आणि खाली आम्ही. गाडी लावायला जागा एकच, घराशेजारचा बोळ, आणि लेकीच्या खोलीची खिडकी नेमकी त्या बोळात उघडते. रोज सकाळी मी पेट्रोलची गाडी चालू करून इंजिन तापेपर्यंत तिथंच घरघरत ठेवायचो, कारण थंड इंजिन पळवू नये ही अण्णाची शिकवण. डॉक्टरांनी धूळ आणि धूर टाळा म्हणून सांगितलं, तेव्हा मी रस्त्यावरच्या ट्रकवाल्यांना शिव्या घातल्या. स्वतःच्या गाडीचा धूर दिसायला मला आणखी वर्ष लागलं. आपण इतके मठ्ठ कसे, याची अजून लाज वाटते.

शोरूममधला माणूस कन्नडमध्ये एकच पालुपद लावून बसला होता. "होगी इल्ल, सप्पळ इल्ल री." धूर नाही, आवाज नाही. मी जुनी गाडी तिथंच देऊन हिरव्या नंबरप्लेटची नवी घरी आणली. बायको खूश झाली. लेकीनं तर हॉर्न वाजवून गल्ली डोक्यावर घेतली.

अण्णा मात्र जिन्यात उभा राहून नुसता बघत होता. उद्यमबागेत त्याचं छोटं लेथ शॉप आहे. इंजिनातला व्हॉल्व्ह ज्या नळीतून वर-खाली होतो, ती बोटाएवढी नळी तिथं तयार होते. फौंड्रीतून ओतीव माल येतो आणि अण्णा तो लेथवर घासून-पुसून केसभरही फरक न ठेवता उतरवतो. आमच्या घरात आलेल्या प्रत्येक गाडीत कधी ना कधी त्याच्या हातची नळी बसली होती. गाडी चालू झाली की कान देऊन म्हणायचा, "वाजतंय बघ आपलं." विजेच्या गाडीला व्हॉल्व्हच नसतो, हे मला घेताना सुचलंच नाही म्हणालो तर ते खोटं होईल. सुचलं होतं. मी ते बाजूला सारलं.

पुढं ऑफिसातल्या एकानं माझं डोकं आणखी फिरवलं. म्हणाला, वीज कुठनं येते? तिकडं कोळसाच जळतो की, तुमचा धूर फक्त दुसऱ्याच्या खिडकीत गेला. मग वाटलं, अण्णाला ओतीव माल देणाऱ्या फौंड्रीचाही धूर आहेच. नळ्या लागेनाशा झाल्या तर तोही कमी होईल. म्हणजे अण्णाचं शॉप बंद पडलं तर मी आनंद मानायचा काय? त्याच्या चार लेथांपैकी दोन तेव्हाच महिनोन् महिने झाकून पडल्या होत्या. त्या माझ्या एका गाडीनं बंद पडल्या नव्हत्या, हे कळत होतं. तरी जिन्यात अण्णा समोर आला की मी उगाच मोबाईल काढायचो.

अशात खंडेनवमी आली. त्या दिवशी शॉपवर यंत्रांची पूजा असते आणि घरातल्या आणि शॉपवरच्या कामगारांच्या सगळ्या गाड्या धुऊन तिथं दारात ओळीनं लावायच्या, हा आमचा रिवाज. या लेथांपुढं ही गाडी कुठल्या तोंडानं उभी करू? बायकोला म्हणालो, यंदा घरीच पूजा करू. पण वरून अण्णाचा निरोप आला, गाडी घेऊन ये.

नेली. झाकलेल्या दोन्ही लेथांनाही अण्णानं पुसून झेंडूचे हार घातले होते. गाड्यांना गंध लावून झालं, चाकाखाली लिंबं ठेवली, समोर फोडायचा कोहळा मांडला. मग दरवर्षीसारखा अण्णा एकेक गाडी चालू करून तिचा आवाज ऐकत निघाला. माझ्या गाडीची चावी त्यानं फिरवली, बटण दाबलं, कान दिला. काहीच नाही. चालू झाली नाही असं वाटून त्यानं सवयीनं मूठ करकचून पिळली. गाडी लिंबू चिरडून उडाली, कोहळ्यावर आदळली आणि अण्णाला घेऊनच आडवी झाली.

सगळे धावले. अण्णाचा गुडघा फुटला होता. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्यानं माझा हात बाजूला केला, गाडी स्वतः उभी केली, मग तिच्याजवळ उकिडवा बसून खालून-वरून बघत राहिला. मागच्या चाकातल्या मोटरवर बोट टेकून म्हणाला, "ह्यात माझं काय न्हाय व्हय रं?"

ब्रेक आहे, चाक आहे, असलं काहीबाही जिभेवर आलं होतं, पण ते अण्णा बनवत नाही.

त्यानं गुडघ्यावरचं रक्त फडक्यानं पुसलं. "पोरगी रात्री खोकलीती काय?"

"न्हाय," मी म्हणालो. "बऱ्याच दिसांत न्हाय."

ते गाडीमुळं की पावसानं धूळ बसल्यामुळं की नव्या औषधानं, हे मला माहीत नव्हतं आणि आजही नाही. पण अण्णानं ते विचारलं नाही. ताटातला उरलेला हार उचलून त्यानं माझ्या हातात दिला.

"मग बांध की हार. बघत काय बसलास?"

मी बांधायला लागलो. गाठ काही केल्या बसेना, तेव्हा त्यानंच ती मारून दिली.