आयता इल्ला

हे मी कुणालाच बोललेलो नाही. आईला नाही, मुलाला नाही, दोन पेग झाल्यावर मित्रांनाही नाही — आणि आमच्या धंद्यात दोन पेग झाल्यावर माणसं काय काय ओकतात, ते तुम्ही विचारूच नका. आज सांगतोय म्हणून पश्चात्तापानं पोळलोय वगैरे समजू नका. मला झोप चांगली लागते. फक्त परवा अंगावर एक शाल पडली आणि हे वर आलं. आता गप्प बसवत नाही.

माझा चेहरा तुम्ही पाहिला असेल. नाव ठाऊक नसेल, चेहरा पाहिलाय. कन्नड मालिकांमधला मुलीचा बाप, लग्नातला भटजी, हवालदार, एकदा तर नुसतंच हार घातलेलं प्रेत — सगळा मीच. आम्ही बेंगळुरूचे जुने मराठी. चिकपेटेच्या मागच्या गल्लीत पिढ्यान्‌पिढ्या राहिलेले. घरात मराठी, उंबऱ्याबाहेर कन्नड, आणि दोन्हींत स्वल्प स्वल्प भेसळ. पण माझी बायको, सुमन, ती कराडकडची. लग्न होऊन आली तेव्हा तिला कन्नडातलं ओ की ठो कळत नव्हतं.

ती आली त्या पहिल्याच आठवड्यातली गोष्ट. सगळ्या घराचा स्वयंपाक तिनं एकटीनं उरकला होता — सासूवर छाप पाडायची होती ना! मग कपडे वाळत घालायला मागे गेली, तर भिंतीपलीकडून शेजारच्या जयम्मा अक्का हसून म्हणाल्या, "ऊटा आयता?" कन्नडात त्याचा अर्थ, जेवण झालं का. इथं माणूस माणसाला भेटलं की हेच विचारतं. पण सुमनला त्यातला एकच शब्द ओळखीचा वाटला. आयता! नवी सून आयतं गिळते, असं ही बाई तोंडावर म्हणतेय! मग काय, हिनं पदर कमरेला खोचला, हनुवटी वर केली आणि सासूच्या हाताखाली कानावर पडलेलं होतं नव्हतं तेवढं कन्नड गोळा करून ठणकावलं, "आयता इल्ला! नाने माडिद्दु!" आयतं नाही, मीच केलंय.

आणि आत येऊन रडली. मी अर्थ समजावून सांगितला तेव्हा आधी पांढरी पडली, मग रडतारडताच हसत सुटली. "कुणाला सांगू नका हं," म्हणाली, "तुम्हाला माझी शपथ." मी म्हटलं, "सरी," म्हणजे बरं. जयम्मा अक्कांना तर ती काय बोलली तेच कळलं नव्हतं. म्हणजे हे तिचं आणि माझं. आमच्या संसारातली पहिली गंमत होती ती — तेव्हा माझ्याकडे तिला द्यायला दुसरं होतं तरी काय?

आता तुम्ही म्हणाल, पुढचं कळलं. थांबा. तुम्हाला वाटतंय तेवढंच ते नाही.

पुढे कितीतरी वर्षांनी बोम्मसंद्राच्या बाजूला एका बंद कारखान्याच्या शेडमध्ये गल्लीचा सेट लावला होता. विनोदी मालिका. मी गल्लीतला शिंपी. शेजारीण विचारणार "ऊटा आयता?", मी म्हणणार "आयतु", म्हणजे झालं, आणि मशीन चालवत राहणार. एक शब्द! असे एकेक शब्द बोलत माझे केस पांढरे व्हायला लागले होते. "अण्णा, तुमचं काय, एक टेक," असं म्हणून पोरं मला शेवटी उभं करायची, शिफ्ट संपायच्या आत उरकायला. त्या दिवशी कॅमेरा सुरू झाला, शेजारीण बोलली, आणि माझ्या आत कुणीतरी — नाही, कुणीतरी कसलं, मीच — गळ्यातली टेप काढली, कमरेला खोचली, हनुवटी वर केली. "आयता इल्ला! नाने माडिद्दु!"

साधं जेवण झालं का विचारलं, तर हा मोडक्या कन्नडात मीच केलंय म्हणून फणकारतो — सगळं युनिट खो खो हसलं. दिग्दर्शकानं खुर्चीवरून उठून मला मिठी मारली. नुसते शब्द उचलले असते तर एवढं झालं नसतं, हे मी नट म्हणून सांगतो. मी तिची मान घेतली, तिचा अपमान घेतला, रडू येण्याआधी ओठ आवळायची तिची तऱ्हा घेतली. सगळं हुबेहूब. मला विचाराल तर तसं काम मी आयुष्यात पुन्हा केलं नाही. शिंपी दोनचार भागांचा होता, तो मालिका संपेपर्यंत राहिला. बसमधली माणसं मला बघून कमरेला हात लावायला लागली.

सुमननं ते घरी टीव्हीवर पाहिलं. टीव्ही बंद केला. मग म्हणाली, "अहो, हे तुम्ही सांगितलंत?"

तेव्हा हो म्हणायचं होतं. भांडली असती, चार दिवस अबोला धरला असता, संपलं असतं. मी म्हटलं, "छे गं! लेखकानं लिहिलंय. त्याच्या आईच्या शेजारी कुणी मराठी बाई आहेत, त्यांचं असं झालं होतं म्हणे." किती सहज! त्यासाठी टेकसुद्धा लागला नाही.

आणि तिचा चेहरा उजळला हो. "म्हणजे माझ्यासारखी अजून एक आहे?"

हे मला अपेक्षित नव्हतं. या एवढ्या शहरात आपण एकट्याच वेड्या ठरलो, असं तिला इतकी वर्षं वाटत होतं, हे मला कुठं माहीत होतं? त्या संक्रांतीला तिनं तिळाच्या वड्यांचा एक डबा वेगळा भरला. "इथं सगळे सुट्या तीळ-गुळाचं एळ्ळु-बेल्ला देतात. त्या बाईंना आपला तिळगूळ कोण देणार? लेखकाकडे द्या." मी डबा घेतला आणि मेकअप रूममध्ये बसून वड्या खाल्ल्या. चांगल्या झाल्या होत्या. घरी येऊन सांगितलं, बाईंना फार आवडल्या. पुढच्या वर्षीही तेच. डबा रिकामा परत आला की ती तो हातात घेऊन जरा वेळ उभी राहायची.

इकडे भाजीवाला तिला "टेलर अम्मा" म्हणायला लागला. तिचं कन्नड ऐकून गल्लीतली पोरं कमरेला हात लावायची. त्यांना काय ठाऊक, नक्कल कोण आणि असल कोण! तिनं बाहेर कन्नड बोलणं सोडलं. बोट दाखवायची, मान हलवायची. जयम्मा अक्कांनाही नुसती मान. मोडकंतोडकं का होईना, चांगलं चुरूचुरू बोलायला लागली होती ती. ते मी बंद पाडलं. दुसऱ्या कुणी नाही.

मग तिनं त्या बाईंना हळदीकुंकवाला बोलवायचं ठरवलं. ताटात खण, नारळ, गजरा तयार. "पत्ता आणा, मी स्वतः जाते." आता काय करणार? मी चपला काढताकाढता म्हटलं, "अगं, त्या गेल्या. मागच्याच महिन्यात."

ती खाली बसली. मग उठली आणि न्हाणीघरात गेली. डोक्यावरून आंघोळ करून ओल्या केसांनी बाहेर आली, आपल्यातलं कुणी गेल्यावर करतात तशी. म्हणाली, "मुलंबाळं होती का हो त्यांना?" मी म्हटलं, "नव्हती." होती म्हटलं असतं तर ती त्यांना भेटायला निघाली असती.

बस. हेच ते. नक्कल केली याचं मला काही वाटत नाही — कान उघडून ऐका, तो शॉट मी आजही तसाच देईन. नट आहे मी, आणि माझ्या वाट्याला तेवढा एकच शॉट आला. पण जिवंत बायकोला तिच्याच नावानं आंघोळ घातली, ते कुठल्या खात्यात टाकू? कुठल्याच नाही. टाकत नाही.

परवा महादेवपुऱ्यात, मुलाच्या सोसायटीत, गणपतीत माझा सत्कार झाला. पुण्या-नागपूरकडची आयटीतली पोरं; माझी क्लिप त्यांच्या फोनवर फिरते म्हणे. शाल, श्रीफळ, टाळ्या. एका मुलीनं माईकवर विचारलं, "काका, हे कॅरेक्टर सुचलं कसं?" मी म्हटलं, "निरीक्षण." तेवढ्यात पहिल्या रांगेतून सुमन उठली. चार लोकांत कधी तोंड न उघडणारी बाई — मराठी लोक बघून धीर आला असेल — म्हणाली, "एक बाई होत्या हो इथं, आपल्यातल्याच. त्यांचं आहे ते. बिचाऱ्या गेल्या. त्यांची आठवण ठेवा."

मग मागून कुणीतरी ओरडलं, "काका, एकदा होऊन जाऊ दे!"

सुमन माझ्याकडेच बघत होती. मी शाल कमरेला खोचली, हनुवटी वर केली आणि म्हणालो, "आयता इल्ला! नाने माडिद्दु!" झकास म्हणालो. सगळ्यांत जास्त टाळ्या तिनं वाजवल्या.