आण्णांची मेल दुपारभर बंद

सकाळपासून आमच्या एकाही ग्राहकाला मेल येत नव्हती. सर्व्हरची डिस्क काठोकाठ भरली होती.

नव्वदच्या दशकाची अखेर. मी सांगलीत बी.एस्सी. करत होतो आणि कॉलेज सांभाळून मगदूम सरांच्या ऑफिसात काम करायचो. आटपाडीच्या आमच्या घरातून कॉलेजात गेलेला मी पहिलाच. ग्राहकाशी बोलायचं म्हटलं की मी फोन सरांकडे सरकवायचो. काम होस्टिंगचं होतं. सर्व्हर, म्हणजे कायम चालू असणारा मोठा कॉम्प्युटर, सरांनी अमेरिकेत भाड्यानं घेतला होता. ग्राहकांच्या वेबसाइट आणि मेल त्यावर ठेवायच्या. प्रत्येकाच्या कंपनीच्या नावाचा पत्ता म्हणजे त्याचं डोमेन.

डिस्क भरली होती ती हळदीचे व्यापारी आण्णा चौगुले यांच्या डोमेनवर आलेल्या मेलनं. आलेल्या पत्राची पोच द्यायचीच, ही त्यांच्या पेढीची रीत. म्हणून त्यांनी हट्टानं ऑटो-रिप्लाय, म्हणजे प्रत्येक मेलला आपोआप जाणारं उत्तर, लावून घेतला होता. दुबईच्या खरेदीदारानंही तसाच लावलेला. आण्णांची पोच तिकडे गेली, तिकडून पोचेची पोच आली. रात्रभर दोन्ही कॉम्प्युटर एकमेकांचे आभार मानत बसले होते.

"त्यांचं डोमेन उडव," सर म्हणाले. "बाकीचे ग्राहक दारात येऊन उभे राहिलेत."

मी चाचरत म्हणालो, की उडवलं तर येणारं प्रत्येक पत्र 'असा पत्ता नाही' म्हणून परत जाईल. आण्णांनी पाठवलेला हळदीचा नमुना पसंत आहे की नाही हे दुबईवाला त्याच दिवशी कळवणार होता. पत्र परत गेलं असतं तर त्यानं तमिळनाडूतल्या इरोडचा हळद-व्यापारी गाठला असता. त्यापेक्षा सेवा तात्पुरती थांबवू. मग सर्व्हर 'आत्ता नाही, नंतर या' एवढंच सांगतो.

सरांनी फोन माझ्याकडे सरकवला. "बरं. पण आण्णांना तू सांगायचं."

फोनची लाइन एकच होती, नेटही तिच्यावरूनच चालायचं. नेट तोडलं आणि नंबर फिरवला. आण्णांनी सगळं ऐकून घेतलं.

"म्हंजे पेवाचं तोंड लिंपलं, माल आत ऱ्हायला. असंच न्हवं?"

पेव म्हणजे हळद साठवायचं जमिनीतलं कोठार.

"नाही आण्णा. माल अजून दुबईतच आहे. दार बंद दिसलं की त्यांचा हमाल माघारी जातो आणि थोड्या वेळानं परत येतो."

"आन् कटाळला तर?"

"चार दिवस तरी कंटाळत नाही."

"मग आमच्या हमालांपरीस लय बरा हाय. कर बंद."

ऑटो-रिप्लाय काढायला मात्र ते सहजी तयार होईनात. पोच न देणं बरं दिसत नाही, म्हणाले. शेवटी, आजपासून पोच मी स्वतः लिहीन, असं म्हणून त्यांनी होकार दिला.

मी डोमेनची मेल थांबवली, साचलेली आभारपत्रं पुसली आणि ऑटो-रिप्लाय काढला. थोड्या वेळात बाकीच्यांच्या मेल धडाधड उतरू लागल्या. सरांनी चहा मागवला. बाकीच्यांच्या मेलची रांग ओसरल्यावर चार वाजता आण्णांची सेवा परत चालू केली. पहिला तासभर काहीच आलं नाही. मी खुर्चीवरून हललो नाही. मग दुबईचं पत्र आलं. नमुना पसंत होता, कंटेनर भरा म्हणून लिहिलं होतं.

आण्णा स्वतः ऑफिसात आले. पत्र माझ्याकडून दोनदा वाचून घेतलं आणि तिथंच बसून पोच लिहवली.

आता कुणी ऑटो-रिप्लाय मागितला, की एका पत्त्याला आठवड्यातून एकदाच उत्तर जाईल असा लावतो. सौजन्य तेवढं पुरतं.