एकाच हातचे चौदा अर्ज

ऐंशीच्या दशकाच्या शेवटी मी ठाण्यात एका संस्थेत कारकून होते. संस्था दर हिवाळ्यात मोतीबिंदूचं मोफत शिबिर घ्यायची. ऑफिस खोपटला, एस.टी. डेपोच्या मागच्या गल्लीत, पहिल्या मजल्यावर होतं. खिडकी उघडली की डेपोतल्या घोषणा आत यायच्या, आणि लिहिण्याच्या नादात मी कधीकधी गावाच्या रकान्यात भलतंच गाव लिहून बसायचे.

त्या वर्षी जुलैत माझं मूल पोटातच, सहाव्या महिन्यात गेलं. महिनाभर डोंबिवलीला घरी पडून राहिले आणि मग कामावर आले. सगळे म्हणाले, बरं केलंस, मन रमेल. मन रमलं नाही, बिघडलंही नाही. डबा भरायचा, यायचं, बसायचं, परत जायचं. कुणी विनोद केला तर हसायचं असतं, हे मला आठवून करावं लागायचं.

आदल्या वर्षीच्या शिबिराचा पार विचका झाला होता. खाटा साठ आणि अर्ज चारशेच्या वर. आम्ही आलेल्या क्रमाने साठ नावं घेतली आणि चिठ्ठ्या पाठवल्या. प्रत्यक्ष शिबिराच्या दिवशी जवळजवळ अर्ध्या खाटा रिकाम्या. मागाहून कळलं, की एका स्थानिक पुढाऱ्याच्या माणसांनी गठ्ठ्यांनी अर्ज भरून टाकले होते. चिठ्ठ्या आपल्या हातात आल्या की त्या आपल्या लोकांना वाटायच्या आणि उपकार केल्याचं दाखवायचं, असा बेत; पण तेवढे रुग्ण त्यांना मिळाले नाहीत. त्यातली काही नावं तर वारलेल्या माणसांची निघाली. आमचे मोठे डॉक्टर, सत्तरीचे, कधी आवाज न चढवणारे, त्या दिवशी रिकाम्या खाटेवर बसून म्हणाले, "खरा माणूस बाहेर राहिला, आणि आपण कागदाची ऑपरेशनं करायला बसलो."

म्हणून या वर्षी काहीतरी चाळणी लावायला हवी होती. ती मी सुचवली. अर्ज स्वतःच्या नाहीतर घरच्या माणसाच्या हस्ताक्षरात हवा. एकाच हस्ताक्षरात दोनाहून जास्त अर्ज आले, तर ते सगळे बाद. डॉक्टरांना पटलं. हस्ताक्षर ओळखण्यात माझी नजर चांगली होती. मी अर्ज टेबलावर पत्त्यांसारखे मांडायचे आणि फक्त ण आणि क्ष बघायचे. माणूस बाकी सगळं बदलू शकतो, ण बदलत नाही. दिवसाला तीस-चाळीस अर्ज मी बाजूला काढत होते. काम नीट होत होतं. मला त्याचं काही वाटत नव्हतं, बरंही नाही आणि वाईटही नाही.

कोलशेतहून आलेले चौदा अर्ज असेच सापडले. अक्षर मोठं, पाटीवर गिरवल्यासारखं, आणि प्रत्येक ण एका बाजूला कललेला. खाली चौदा अंगठे. मी लाल पेन्सिलीने चौदा फुल्या मारल्या आणि चौदा पोस्टकार्डं लिहिली, अर्ज नियमात बसत नसल्याने नामंजूर.

आठवड्याने एक बाई जिना चढून आली. चाळिशीची, घट्ट नेसलेलं लुगडं, हातात पोस्टकार्डांची चळत. मासळीची पाटी तिने खाली जिन्याशी ठेवली होती, तरी वास वर आलाच. बाजूच्या टेबलावरच्या बाईने नाकाला रुमाल लावला.

"बाय, ही कार्डां तुमीच धाडलीव?"

"हो."

"चौदा जनांना अर्ज मीच लिवून दिला. ना चौदा जनांना ही कार्डां पन मीच वाचून दाखवली." तिने चळत टेबलावर ठेवली आणि समोर बसली. "काय चुकला आमचा?"

मी नियम सांगितला. एकाच हातचे दोनाहून जास्त अर्ज चालत नाहीत. खोटे अर्ज येतात म्हणून.

भांडायला आलेली नव्हती ती, नीट समजून घ्यायला आली होती. मग म्हणाली, "आमचे आळीन लिवनारी मी एकलीच. चौथीपरत शिकलेली. मंग मी दुसरा हात कनचा आनू?"

"घरातलं दुसरं कुणी लिहू शकेल की."

"दिसत नाय म्हनून तर डोलं करायचं. जो बघतंय त्याला लिवता येत नाय, ज्याला लिवता येतंय ती मी."

खरं सांगायचं तर मी उत्तर शोधत नव्हते. आता ही उठेल आणि जाईल, एवढंच डोक्यात होतं. ती उठली नाही. शेवटी मी म्हटलं, "सोमवारी डॉक्टर येतात. विचारते."

डॉक्टरांनी चौदाही अर्ज हातात घेतले, चष्मा वर करून पाहिले. "हे खरे असतील," ते म्हणाले. "पण तसंच म्हणत उद्या तो पुढाऱ्याचा माणूसही येईल. त्याला काय सांगायचं?"

"मी जाऊन बघून येते," मी म्हटलं. हे मी का म्हटलं ते आजही मला नक्की सांगता येणार नाही. दया आली असं लिहिलं तर ते खोटं होईल. दुपारी ऑफिसात बसण्यापेक्षा बसमध्ये बसणं तेवढंच सोपं होतं.

कोलशेतला ती बाई मला घरोघर घेऊन गेली. एका बाजूला कारखान्यांच्या भिंती, दुसऱ्या बाजूला खाडीचा चिखल, आणि मध्ये ही आळी. मी अर्ज वाचायचे, माणूस "व्हय" म्हणायचा, मी खूण करायचे. चौदाच्या चौदा माणसं होती. सगळ्यांत शेवटी एक म्हातारे कोळी ओट्यावर जाळं दुरुस्त करत बसलेले. पार काही दिसत नव्हतं, तरी बोटं भोकं शोधून बरोबर गाठ मारत होती.

"शिबिरवाली बाय आयलेय," बाईने त्यांना सांगितलं.

"गेल्या वर्साला पन मी अर्ज केलेला," ते हात न थांबवता म्हणाले. "तवा तुमी बोललाव, जागा भरली."

मी हो म्हटलं. त्या जागा कुणी भरल्या होत्या ते मला माहीत होतं. मी सांगितलं नाही.

परत आले तोवर त्या वर्षीची यादी जवळपास पूर्ण झाली होती. नऊच खाटा उरल्या होत्या. चौदांतून नऊ कसे निवडायचे, तर डॉक्टर म्हणाले, अर्जाच्या क्रमाने. म्हाताऱ्यांचा अर्ज अकरावा होता.

पुढच्या वर्षी आम्ही नियम बदलला. अर्जाच्या तळाशी एक ओळ वाढवली, अर्ज लिहून देणाऱ्याचं नाव, पत्ता आणि सही. एका हातचे कितीही अर्ज चालतील, पण लिहिणाऱ्याने स्वतःचं नाव द्यायचं आणि गरज पडली तर आमच्या माणसाला घरं दाखवायची. गठ्ठे येणं कमी झालं, कारण त्या लोकांना नाव द्यायचं नव्हतं. अगदी बंद मात्र झालं नाही. उलट काही खरी माणसंही सहीला बिचकली. एका शिक्षकाने तर कळवलं, की मी लिहून देईन पण नाव घालणार नाही, उद्या लफडं नको. त्याच्या गावचे अर्ज आलेच नाहीत. डॉक्टर म्हणायचे, भोक बारीक केलं की लहान मासाही अडकतो, मोठं केलं की सगळंच सुटतं, आपण वर्षाला थोडं इकडेतिकडे करत राहायचं.

नियम बदलल्यानंतरच्या त्या पहिल्या शिबिरात म्हातारे कोळी पहिल्याच दिवशी आले, त्या बाईचा हात धरून. डॉक्टरांनी टॉर्च मारून पाहिलं, दुसऱ्या डॉक्टरांना बोलावलं, पुन्हा पाहिलं. मोतीबिंदू होताच, पण मागे काचबिंदूनेही डोळा खाल्ला होता. दोन्ही डोळे. ऑपरेशन करून काही उपयोग नव्हता. बाईने ते ऐकलं आणि म्हाताऱ्यांच्या कानाशी वाकून सांगितलं. ते "बरा" म्हणाले आणि उठायला काठी चाचपू लागले.

डॉक्टर बेसिनवर हात धूत होते. मी जवळ जाऊन विचारलं, "गेल्या वर्षी आले असते तर?"

"सांगता येत नाही," ते म्हणाले. नळ बंद केला. "त्याच्या आदल्या वर्षी आले असते तर कदाचित."

मी टेबलाशी परत आले. रजिस्टरमध्ये त्यांच्या नावापुढे "शस्त्रक्रिया नाही" असं लिहिलं आणि पुढचा नंबर पुकारला.