काकूंची बेल आणि वीस मीटर तार

वाघोलीतल्या आमच्या सोसायटीत गच्चीवर पापड वाळत घालायलाही अर्ज लागतो. मी तारेसाठी केला. वीस मीटर काळी तार, एक टोक माझ्या चौथ्या मजल्यावरच्या बाल्कनीत, दुसरं समोरच्या इमारतीच्या टाकीला. सोबत हौशी रेडिओचा, म्हणजे घरून दूरच्या लोकांशी रेडिओवर बोलण्याचा परवाना जोडला होता. सेक्रेटरींनी तो वाचला नाही. म्हणाले, "कपडे वाळत घालणार नसाल तर बांधा."

ही तार म्हणजे माझ्या रेडिओची अँटेना; तिला रेडिओ एकाच टोकाला जोडायचा असतो, म्हणून फ्लॅटवाल्यांना ती सोयीची. त्या टोकाला रेडिओ आणि तार जुळवणारी एक डबी लागते. डबीतल्या फेराइटच्या, म्हणजे चुंबकीय भुकटीच्या कड्यावर तांब्याची तार मी घरीच गुंडाळली. कडं बुधवार पेठेतल्या इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानातून आणलं होतं. दुकानदाराने विचारलं, "अँटेनाला? टीव्ही केबलवर दिसतो हल्ली."

पहिल्याच रविवारी सकाळी केरळातल्या एका गृहस्थांनी मला रेडिओवर उत्तर दिलं. मला फार आनंद झाला. नवरा म्हणाला, "छान," आणि पेपरचं पान उलटलं.

तिसऱ्या रविवारी खालच्या मजल्यावरच्या काकू लिफ्टमध्ये भेटल्या. निवृत्त परिचारिका, एकट्या राहतात, गुडघे दुखतात.

"कोणीतरी माझी बेल वाजवून पळतंय," त्या म्हणाल्या. "दार उघडावं तर कोणी नाही. मी वेळा लिहून ठेवल्यात."

त्यांनी वही दाखवली, मी पानाचा फोटो काढला. रुग्णाच्या तापाचा तक्ता असावा तशी. रविवार, नऊ दहा. नऊ बारा. नऊ तेरा, दोनदा. घरी येऊन मी माझ्या रेडिओच्या नोंदवहीशी ताडून पाहिलं. सगळ्या वेळा माझ्या बोलण्याच्या होत्या.

खाली जाऊन सांगितलं.

"म्हणजे तुम्ही केरळशी बोलता आणि दार मी उघडते?"

"हो."

"किती वेळा उठले मी, माहीत आहे?"

"एकोणीस," मी म्हटलं. वहीत मोजलं होतं.

दोष माझाच होता. तारेला जोडीला एक छोटी तार द्यावी लागते. मी आळसाने ती दिली नव्हती. मग तिचं काम रेडिओची केबल करू लागली आणि लहरी घरभर, भिंतीतून खालीही पसरल्या. काकूंची बिनतारी बेल त्या लहरींना बळी पडली.

पुढच्या रविवारी काकू फोन घेऊन आपल्या दाराजवळ खुर्चीत बसल्या. मी वर छोटी तार जोडून रेडिओवर बोलले.

"वाजली."

केबलमधल्या लहरी अडाव्यात म्हणून तिचे दहा वेढे फेराइटच्या दुसऱ्या कड्यावर घेतले.

"आता?"

"नाही. परत करा." केलं. "नाही. बोलताय ना नक्की?"

बोलत होते. मग त्या वर आल्या, हे सगळं कशासाठी ते ऐकायला. बंगळुरूचा एक जण नाव, गाव आणि हवामान सांगत होता.

"एवढंच?" काकू म्हणाल्या. "हे लिफ्टमध्येही बोलता येतं."

"लिफ्टमध्ये कोण बोलतं?"

त्यांनी त्यावर विचार केला. मग माईककडे हात केला. परवान्याशिवाय बोलता येत नाही आणि त्यासाठी परीक्षा द्यावी लागते, असं मी म्हटलं.

"मग परीक्षेचं पुस्तक द्या."

दिलं. परवा त्यांनी सांगितलं, त्यात छपाईच्या चुका फार आहेत.